ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : पॅकिंग बदलूनही गळती परत का येते?

गाडीखाली लालसर डाग दिसतो, गाडी गॅरेजमध्ये जाते, गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनचं (तेल साठवणाऱ्या पसरट भांड्याचं) पॅकिंग बदललं जातं, आणि चतुर्थी येईपर्यंत पोर्चमध्ये त्याच जागी पुन्हा डाग पडलेला असतो. ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. अशा परत येणाऱ्या गळतीचं कारण बहुतेक वेळा मागच्या दुरुस्तीतच सापडतं. एक तर तेल नेमकं कुठून येतंय हे न बघता हाताला सोपा असलेला भाग बदललेला असतो, नाहीतर तो भाग बसवतानाच काहीतरी राहून गेलेलं असतं. किरकोळ गळती घरी थांबवता येते, पण पाना हातात घ्यायच्या आधी शोधायला वेळ द्यावा लागतो.

किरकोळ म्हणजे किती? रात्रभरात दोन-चार थेंब, रुपयाएवढा डाग, आणि तेलाची पातळी अजून खुणांच्या आत. सकाळी थारोळं दिसत असेल, डी किंवा आर टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग झटका देत निघत असेल, किंवा चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे जात नाही असं होत असेल, तर ती घरच्या दुरुस्तीची वेळ गेली. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, आतल्या क्लच प्लेट घसरून जळतात. अशी गाडी चालवू नका आणि दोरी बांधून ओढूही नका. पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढली की गिअरबॉक्स आतून फिरतो, पण इंजिन बंद असल्यामुळे पंप तेल पोचवत नाही. तिची पुढची चाकं तरी उचललेली हवीत, चारही चाकं उचलणारा ट्रक सगळ्यात बरा.

आधी गाडी कुठल्या प्रकारची आहे ते पाहा

क्लच पेडल नाही म्हणजे सगळ्या गाड्या आतून सारख्या, असं नाही. २०१४ साली सेलेरियोबरोबर आपल्याकडे एएमटी आली आणि आज वॅगनआर, स्विफ्ट, टियागो अशा कितीतरी गाड्या याच प्रकारच्या आहेत. एएमटीचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. त्यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास तेल, नसतं, साधं गिअर ऑईल असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ज्या एएमटीमध्ये गिअर बदलण्याचं काम हायड्रॉलिकवर चालतं, तिथे त्या युनिटचं तेल वेगळं असतं. ते गळत असेल तर घरी हात लावू नये.

टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागाचा) खरा ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पुलींवर चालणारा प्रकार, या दोघांना खाली लिहिलेलं बहुतेक लागू पडतं. एटीएफ नवं असताना लाल असतं आणि वापरात तपकिरी होत जातं. सीव्हीटीचं तेल मात्र कंपनीप्रमाणे हिरवट, पिवळसर, निळसर असं काहीही असू शकतं, त्यामुळे डाग लाल नाही म्हणजे गिअरबॉक्सचा नाही असा निष्कर्ष काढू नका.

डाग कशाचा आहे?

गोव्यात हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आपली मातीच लाल. पावसात गाडीखालून जे ओघळतं ते जांभ्याच्या मातीचं पाणीही असू शकतं, आणि डिचोली-साखळीकडे तर गाडीचा तळ बारा महिने तांबडाच असतो. म्हणून जमिनीवरच्या डागावर विश्वास ठेवू नये. गाडी छपराखाली लावा, अंगावरचं पाणी निथळू द्या, मग इंजिनच्या संपूर्ण रुंदीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा आणि चाकांची जागा त्यावर पेनाने लिहून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडला आणि कुठल्या रंगाचा आहे हे दोन्ही कळतं.

पुठ्ठ्यावर नुसता ओलावा असेल आणि तो वाळून गेला तर ते एसीचं पाणी. इथल्या दमट हवेत एसी बरंच पाणी टाकतो, त्याने घाबरू नये. गुलाबी किंवा लाल थेंब मात्र फसवतो, कारण टोयोटासारख्या काही कंपन्यांचं कूलंटही त्याच रंगाचं असतं. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. जुन्या वाटीत पाणी घ्या आणि त्यात तो थेंब टाका. कूलंट पाण्यात विरघळून जातं, एटीएफ वर तरंगत राहतं. जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्येही बऱ्याचदा एटीएफच असतं, म्हणून त्या डब्याची पातळीही बघून घ्या. चाकाच्या आतल्या बाजूला काळं, घट्ट, फेकल्यासारखं काही दिसलं तर ते एक्सलच्या फाटलेल्या रबरी बूटमधलं ग्रीस आहे. तो गिअरबॉक्सचा दोष नाही, पण बूट लवकर बदला.

गिअरबॉक्सचं तेल दुधाळ गुलाबी, सोलकढीसारखं दिसत असेल तर गाडी तिथेच उभी करा. त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलेलं आहे. याची कारणं दोन. अनेक गाड्यांत एटीएफ थंड करणारा कूलर रेडिएटरच्या आतच बसवलेला असतो. तो आतून फुटला की दोन्ही द्रव एकमेकांत जातात, आणि कूलंटच्या बाटलीतही तेलकट तवंग दिसतो. दुसरं कारण आपल्या पावसाचं. तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात शिरला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून (हवा ये-जा करायला गिअरबॉक्सवर असलेल्या बारीक नळीतून) पाणी आत ओढलं जातं. दोन्हींत क्लच प्लेटचं अस्तर ज्या गोंदावर टिकून असतं तो गोंद सुटायला लागतो, म्हणून "उद्या बघू" म्हणण्यासारखं हे काम नाही.

गाडी उचलताना

गाडीबरोबर आलेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली अंग घालू नका. सपाट सिमेंटची जमीन, मागच्या चाकांना अडण, हँडब्रेक, गिअर पी मध्ये, आणि दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, एवढं हवंच. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात आणि त्यावर गाडी टेकवण्याचा मोह होतो. कृपा करून ते करू नका. जांभा सच्छिद्र दगड आहे. एका टोकावर भार आला की तो न सांगता फुटतो. पावसात भिजलेल्या मातीच्या अंगणात तर स्टँडसुद्धा तिरका रुततो. स्टँड नसतील तर ओळखीच्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासासाठी रॅम्प मागून घ्यावा, पण हा धोका पत्करू नये.

तेल येतं कुठून?

थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा एक नसते. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. पॅन सगळ्यात खाली असल्यामुळे वरून आलेलं सगळं तेल शेवटी त्याच्याच कडेवर जमतं आणि दोष त्याच्या पॅकिंगवर येतो. परत येणाऱ्या गळत्यांचा हा पहिला उगम.

लाल धुळीचा इथे फायदाही होतो. कोरड्या भागावर ती भुरभुरीत राहते, पाझरणाऱ्या भागावर काळपट, ओला थर करून बसते. धुण्याआधी मोबाईलवर सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा, बराचसा नकाशा तिथेच मिळतो. मग इंजिन पूर्ण थंड असताना डीग्रीझर किंवा ब्रेक क्लीनरने गिअरबॉक्स, पॅनची कड, कूलरच्या नळ्या, एक्सल आत जातात त्या जागा, सगळं स्वच्छ करा. ब्रेक क्लीनर पेट घेतो, तेव्हा गरम सायलेन्सर आणि बॅटरीपासून दूर. प्रेशर पंपाचं पाणी वायरिंगच्या जोडांवर आणि श्वासनळीवर मारू नका.

सगळं कोरडं झालं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा. थोडी फेरी मारून या आणि टॉर्च घेऊन पाहा. पावडरीत ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा तुमची. तरीही सापडत नसेल तर एटीएफमध्ये घालायचा यूव्ही रंग मिळतो. तो तेलात मिसळून गाडी चालवायची आणि रात्री यूव्ही टॉर्चखाली पाहायचं. बारीक पाझर शोधायला याच्याइतकं खात्रीचं काही नाही.

शोधताना स्वतःला विचारायचा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे गळती उभ्या गाडीत होते की चालत्या. इंजिन चालू असताना पंप तेल उचलून टॉर्क कन्व्हर्टर आणि आतल्या वाटा भरतो, त्यामुळे पॅनमधली पातळी खाली असते. इंजिन बंद झालं की कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू परत उतरतं आणि पातळी वर चढते. मग एरवी तेलाच्या वर असणारी सीलं बुडतात. गिअरच्या दांड्याचं सील, डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीची ओ-रिंग, वायरिंगच्या जोडाचं सील यांपैकी काही खराब असेल तर रोज चालणारी गाडी कोरडी राहते आणि आठवडाभर उभी राहिली की डाग पडतो. घरचा माणूस जहाजावर गेला आणि गाडी महिनोन्‌महिने पोर्चमध्ये राहिली, अशा घरांत ही गळती जास्त दिसते. उलट, चालवून आल्यावरच ओलं दिसत असेल तर आधी दाबाखाली असलेल्या कूलरच्या नळ्या बघायच्या.

पॅन

पॅनच दोषी ठरला तर बोल्ट आवळून काम भागवण्याचा मोह होतो. हे बोल्ट लहान असतात, सहसा १० मिमीच्या पान्याचे, आणि त्यांना लागणारा जोर फार थोडा असतो, बहुतेक गाड्यांत ८ ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास. जास्त आवळलं की पत्र्याची कड बोल्टच्या भोवती आत दबते, दोन बोल्टांमधली जागा उचलली जाते, पॅकिंग बाहेर ढकललं जातं आणि गळती वाढते. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या गेल्या तर खर्च वेगळाच.

पॅन काढल्यावर त्याची कड सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवून पाहा. बोल्टच्या भोकांभोवती खड्डे दिसले तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करा. हे न करता नवीन पॅकिंग बसवलं तर तेही जाणार. किनारपट्टीला, कळंगुट-कोलव्याच्या बाजूला, खारट हवेने पॅनची कड गंजून खरबरीत झालेली असते. अशा कडेवर कुठलंच पॅकिंग धरत नाही, नवा पॅन घ्यावा.

सिलिकॉनबद्दल माझं मत ठाम आहे. कंपनीने रबराचं किंवा कॉर्कचं पॅकिंग दिलं असेल तर ते कोरडंच बसवायचं. त्यावर वरून सिलिकॉन लावलं की पॅकिंग घसरतं, आणि आत दाबलं गेलेलं सिलिकॉन तुटून फिल्टरमध्ये अडकतं. काही पॅनना मात्र पॅकिंग नसतंच, ते मुळातच सीलंटवर बसवलेले असतात. तिथे तेलाला टिकणारं ठरलेलं सीलंट, एकसारखी बारीक ओळ आणि वाळायला सांगितलेला पूर्ण वेळ, हे तिन्ही पाळायचं. जुन्या होंडा ऑटोमॅटिकना तर सोडवता येईल असा पॅनच नसतो. तशा गाडीच्या बिलावर "पॅन पॅकिंग" लिहिलेलं असेल तर काय बदललं ते शांतपणे विचारून घ्या.

पुसायला गॅरेजमधलं वेस्ट किंवा घरच्या चिंध्या नकोत, धागे व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा उघड-बंद करणाऱ्या भागात, जातात. तंतू न सुटणारं कापड घ्या. पॅनमधल्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणं सामान्य आहे. चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर गळतीपेक्षा मोठी गोष्ट घडते आहे. बोल्ट आधी सगळे हाताने फिरवून बसवा, मग मधून बाहेर, समोरासमोर असे टप्प्याने आवळा.

ड्रेन बोल्टचा, म्हणजे तेल काढायच्या बोल्टचा, वायसर ही त्याहून स्वस्त आणि त्याहून जास्त दुर्लक्षित गोष्ट. हा वायसर दाबून सील होण्यासाठीच बनवलेला असतो. एकदा दबला की त्याचं काम संपलं. तेल बदललं आणि तेव्हापासूनच ठिबकायला लागलं, असं असेल तर आधी इथेच पाहा. होंडाच्या ऑटोमॅटिकमध्ये हा बोल्ट नव्या वायसरसह ४९ न्यूटन-मीटरला आवळायला सांगतात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्यावा.

कूलरच्या नळ्या

गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांना टोकाशी रबरी पाईप असतात. उष्णतेने ते कडक होतात, क्लिपच्या जागी तडकतात, आणि पावसाळ्यात उब शोधत बॉनेटमध्ये शिरलेले उंदीर ते कुरतडतात. बदलणं सोपं आहे, पण पाईप एटीएफच्या कूलरसाठीचाच हवा, म्हणजे एसएई जे१५३२ दर्जाचा. काउंटरवर पेट्रोलचा किंवा रेडिएटरचा पाईप "हाच चालतो" म्हणून देतात. गरम एटीएफने तो फुगतो, मऊ पडतो आणि काही महिन्यांत पुन्हा ओला होतो. मडगाव, म्हापसा किंवा फोंड्याच्या पार्ट्सच्या दुकानात जाताना जुन्या पाईपचा तुकडा बरोबर न्या आणि नव्यावर छापलेलं वाचून घ्या.

क्लिप स्प्रिंगची असेल तर पुन्हा स्प्रिंगचीच लावावी. रबर गरम-थंड होताना ती सारखा दाब ठेवते. स्क्रूची क्लिप जोराने आवळली की पाईप कापते. लोखंडी नळी गंजून पाझरत असेल तर एम-सील किंवा रबराचा जोड लावू नका. तिथे दाब असतो, आणि तो जोड चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात निसटला तर काही मिनिटांत तेल रस्त्यावर. ती नळी पूर्ण बदलायची.

तेल जास्त झालं तरी गळतं

हे कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं, आणि नवं पॅकिंग निष्कारण बदनाम होतं. पातळी खुणेच्या वर गेली की फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो आणि तो श्वासनळीतून बाहेर येऊन वरून सगळीकडे ओघळतो. श्वासनळी चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या घरट्याने बुजली असेल तर उलटं होतं. आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलांमधूनही तेल ढकललं जातं. गिअरबॉक्सचा वरचा भाग ओला दिसला की या दोन गोष्टी आधी तपासा. काही सुटं करायची गरजही पडणार नाही.

पातळी बघण्याची रीत गाडीगणिक बदलते. बहुतेक डिपस्टिकवाल्या गाड्यांत इंजिन गरम आणि चालू, गिअर पी मध्ये. होंडात इंजिन गरम करून बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत. ज्यांना डिपस्टिक नाही त्यांत ठरावीक तापमानाला तपासणीचा बोल्ट उघडून पाहतात, आणि तिथे तापमान मोजता येत नसेल तर ते काम गॅरेजला द्यावं. घरी पॅन काढला असेल तर निघालेलं तेल मोजून तेवढंच नवं भरावं, लहान गाड्यांत ते साधारण अडीच ते चार लिटर असतं. तेल गाडीला सांगितलेलंच: टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१, होंडा सीव्हीटीचं एचसीएफ-२, निस्सान सीव्हीटीचं एनएस-३. "ऑटोमॅटिकचं तेल द्या" एवढंच सांगून घेतलेला डबा सीव्हीटीत ओतू नका.

घरी न करण्याची कामं

एक्सलचं सील बदलायला एक्सल बाहेर काढावा लागतो. हत्यारं आणि सवय असेल तर जमतं, पण परत बसवताना एक्सलच्या टोकावरच्या दात्यांची धार सीलच्या ओठाला लागली तर नवं सील पहिल्या दिवसापासून गळतं. एक्सल हाताने वरखाली हलवून पाहा. खेळ जास्त असेल तर बेअरिंग झिजलेलं आहे आणि कितीही सीलं बदलली तरी ती टिकणार नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्याच्या तळातून थेंब येत असेल तर पुढचं पंप सील किंवा इंजिनचं मागचं सील गेलेलं असतं. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेलाचा रंग आणि यूव्ही रंगाची खूण यांवरून कुठलं ते ठरवून, फोटोंसह गॅरेजला सांगा, म्हणजे भलतं काम होणार नाही.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्यातली रसायनं कडक झालेलं रबर थोडं फुगवतात, त्यामुळे जुन्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत दांड्याचं सील काही काळ सावरू शकतं. फाटलेला पाईप, वाकलेला पॅन, दबलेला वायसर यांवर त्यांचा काही उपयोग नाही, आणि सीव्हीटीत मी त्या कधीच घालणार नाही.

काम झाल्यावर सगळं पुन्हा स्वच्छ करा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि काही दिवस रोज सकाळी पुठ्ठा बघा. एकदा घाट चढून आल्यावर मुद्दाम तपासा, कारण पूर्ण तापलेलं तेल पातळ असतं आणि सपाट रस्त्यावर न दिसणारा पाझर तेव्हा दिसतो. पहिला एखादा थेंब खाचेत राहिलेल्या जुन्या तेलाचाही असू शकतो; तो पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

निघालेलं तेल गटारात, माडाच्या मुळाशी किंवा परसात ओतू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, आणि इथे बहुतेक घरांची विहीर त्याच परसात असते. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.